गावच्या डावाचं समालोचन एआयकडून लिहून घ्यायचं तर

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. चॅटजीपीटी, जेमिनी, क्लॉड, कुणालाही डावाच्या चाली चिकटवून ‘यावर मराठीत समालोचन लिही’ एवढंच म्हणाल, तर मराठी झकास मिळेल आणि बुद्धिबळ खोटं मिळेल. वाक्यं इतकी गुळगुळीत असतात की वाचणारा मान डोलावतो. पटावर मोहरी मांडली की मग उमगतं, ज्या उंटाच्या ‘दूरदृष्टी’चं कौतुक चाललंय तो चार चालींआधीच पेटीत गेलाय.

तरीही मी हे काम एआयकडूनच करून घेते, आणि ते जमतं. फक्त त्याला कोणतं काम द्यायचं आणि कोणतं अजिबात द्यायचं नाही, हे आधी पक्कं करावं लागतं. सगळी मेख तिथंच आहे.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, आर्णी तालुक्यात. मी इथं सेवा केंद्र चालवते. सातबारा, पीकविमा, जातीचे दाखले, शिष्यवृत्तीचे फॉर्म. दुपारी कास्तकार मंडळी वावरात असतात तेव्हा दुकान रिकामं आणि संगणक मोकळा. गणपतीत मंडळाची बुद्धिबळ स्पर्धा असते. जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखनं जॉर्जियातल्या बाटुमीत महिलांचा विश्वचषक जिंकला, अंतिम फेरीत कोनेरू हंपीला टायब्रेकरमध्ये हरवलं आणि त्याच विजयानं ग्रँडमास्टरही झाली. तेव्हापासून स्पर्धेत पोरींची नावं वाढलीत. पण स्पर्धा संपली की चालींचे कागद तसेच पडून राहायचे. पारावर बसणारे म्हातारे बुद्धिबळात मुरलेले, मात्र ‘एनएफ३’ (एन म्हणजे घोडा, एफ३ म्हणजे घर: अक्षर उभ्या रांगेचं, आकडा आडव्या रांगेचा) असलं काही वाचायची त्यांची तयारी नाही. ‘घोडा कुठं गेला अन् काहून गेला, थे सांग,’ एवढंच त्यांचं म्हणणं. म्हणून हा खटाटोप.

बघणारा वेगळा, बोलणारा वेगळा

भाषेचं मॉडेल म्हणजे पुढे कोणता शब्द येईल याचा अंदाज बांधत जाणारं यंत्र. बुद्धिबळावरचा ढीगभर मजकूर त्यानं वाचलेला असतो, त्यामुळे ‘मध्यावर ताबा’, ‘राजाची बाजू उघडी पडली’ ही भाषा त्याच्या तोंडी बसलेली आहे. पण चौसष्ट घरांचा हिशेब ते काटेकोर ठेवत नाही. पहिल्या आठ-दहा चाली ठीक जातात, कारण त्या हजारो डावांत तशाच येतात. डाव अनोळखी झाला की घसरण सुरू. ऑगस्ट २०२५ मध्ये गूगलच्या कॅगल या संकेतस्थळाच्या गेम अरेनावर नावाजलेल्या मॉडेलांची आपसात बुद्धिबळाची स्पर्धा लावली होती. ओपनएआयच्या ओ३ नं अंतिम फेरीत ग्रोक ४ ला ४–० असं धुतलं, पण त्या स्पर्धेत वजीर फुकट देण्याचे प्रकारही झाले, आणि एका मॉडेलचे डाव तर नियमात बसणारी चालच न सुचल्यामुळे गेले.

दुसरीकडे स्टॉकफिश. फुकट मिळणारं खुलं इंजिन, म्हणजे बुद्धिबळाच्या चाली मोजणारा प्रोग्राम, आजच्या कुठल्याही जगज्जेत्याला सहज हरवेल असं. त्याला बोलता मात्र येत नाही. ‘+१.८’ म्हणतं, एक चाल दाखवतं आणि गप्प बसतं.

तेव्हा बघायचं काम इंजिनचं, बोलायचं काम मॉडेलचं. भटजी मंगलाष्टकं म्हणतो तेव्हा अंतरपाटापलीकडे नवरदेव कोण आहे याची चौकशी त्यानं करायची नसते; ती घरच्यांनी आधीच केलेली असते. इथं घरचे म्हणजे तुम्ही आणि इंजिन.

खात्री करून घ्यायची असेल तर एक प्रयोग करा. अमेरिकन बुद्धिबळपटू पॉल मॉर्फीनं १८५८ मध्ये पॅरिसच्या ऑपेरागृहात ड्यूक ऑफ ब्रन्सविक आणि काउंट इसुआर या जोडीविरुद्ध खेळलेला सतरा चालींचा डाव घ्या. मूळ रूपात दिलात तर कुठलंही मॉडेल त्यावर सुंदर लिहील, कारण तो डाव असंख्य पुस्तकांत छापून आलाय. पाठच आहे म्हणा ना. आता काळ्याची पंधरावी चाल बदला. डी७ वर आलेला पांढरा उंट मूळ डावात काळ्यानं घोड्यानं मारला. तुम्ही तो वजिरानं मारा. मग पांढऱ्याची सोळावी चाल तीच ठेवा, वजीर बी८ वर, शह. इथं थांबून समालोचन मागा. मूळ डावात ही चाल म्हणजे वजिराचं बलिदान: डी७ वरचा घोडा बी८ वर येऊन वजीर खातो आणि हत्ती डी८ वर मात देतो. बदललेल्या डावात डी७ वर घोडा नाही, बी८ वरच्या वजिराला मारणारं कुणीच नाही, मग बलिदान कसलं? आणि काळा राजा ई७ वर सरकून शहातून निघतो. पांढरा पुढे जिंकतो ते वेगळं, पण पुढच्या चालीत मात नाही. एवढं असून उत्तरात ‘मॉर्फीचं अजरामर बलिदान’ आलं, तर समजा पट कुणी पाहिलेलाच नाही. थांबून विचार करणारी नवी मॉडेलं यात बरीच सावध झालीत हे मान्य. पण मॉर्फीचा डाव निदान त्यांनी वाचलेला असतो. आमच्या मंडळाच्या उपांत्य फेरीचा डाव कुणीच वाचलेला नाही.

डाव उतरवताना

पोरांनी लिहिलेला कागद हीच पहिली अडचण. इंग्रजीतले बी आणि डी उलटसुलट. कुणी मोहऱ्याचं अक्षर इंग्रजीत लिहितं, कुणी ‘घो’ आणि ‘उं’. दोन घोडे एकाच घरात जाऊ शकत असतील तर कोणता गेला ते लिहायचं राहून जातं. मधेच एक चाल गायब.

कागदाचा फोटो काढून एआयला वाचायला देण्याचा मोह होतो. देऊ नका. जिथं अक्षर लागत नाही तिथं ते आपल्या मनानं शोभेशी चाल बसवतं, आणि ती बसवलेली चाल नंतर ओळखू येत नाही. त्यापेक्षा लीचेस या बुद्धिबळाच्या संकेतस्थळावरच्या विश्लेषण-पटावर एकेक मोहरा सरकवत डाव हातानं उतरवा. नियमाबाहेरची चाल तो पट घेतच नाही, त्यामुळे कागदात जिथं गडबड आहे तिथं आपोआप अडतं. अडलं की दोन्ही खेळाडूंना बोलावून घ्यायचं. हरलेल्याला हमखास आठवतं. ‘नाई ताई, माहा घोडा तं हिकडचा गेला होता, म्हनून तं सारा घोळ झाला,’ असं म्हणत पोरगं दोन मिनिटांत गाठ सोडवतं.

ते बसलेलेच असतात तर तिथंच विचारून ठेवा: ही चाल करताना मनात काय होतं? घाई होती का? घड्याळ किती राहिलं होतं? आमच्या मंडळाकडे बुद्धिबळाचं घड्याळ एकच, ते फक्त शेवटच्या फेऱ्यांना लागतं. ही माहिती कुठल्याही इंजिनकडे नसते, आणि समालोचन वाचनीय होतं ते याच माहितीमुळे. वहीत टिपून ठेवा, पुढे लागेल.

डाव उतरवून झाला की तो पीजीएन म्हणून जतन करायचा. पीजीएन म्हणजे साधी मजकुराची फाइल: वर खेळाडूंची नावं आणि निकाल, खाली चाली, आणि महिरपी कंसात शेरे. मॉडेलला ती थेट वाचता येते, माणसालाही.

इंजिनकडून काय घ्यायचं

लीचेसवर खातं फुकट आहे, जाहिराती नाहीत, सगळं देणग्यांवर चालतं. खात्यातून डाव आयात केला आणि संगणक-विश्लेषण मागितलं की थोड्या वेळात प्रत्येक चालीपुढे आकडा येतो, चुकांवर खुणा येतात आणि ‘इथं ही चाल उत्तम होती’ असंही येतं. शेऱ्यांसकट पीजीएन उतरवून घेतली की हे सगळं त्यात असतं. विश्लेषण त्यांच्या सर्व्हरवर चालतं, म्हणून साध्या मोबाइलवरही होतं. आमच्याकडे लाईन गेली की मी मोबाइलवरच करते.

आकडा वाचताना एक पथ्य पाळायचं. लीचेसवर अधिक म्हणजे पांढरा वरचढ, उणे म्हणजे काळा वरचढ, चाल कुणाचीही असो. पण तुम्ही स्वतःच्या संगणकावर स्टॉकफिश चालवलंत तर ते ज्याची चाल आहे त्याच्या बाजूनं आकडा देतं. दोन्हींची सरमिसळ झाली की मॉडेल हरणाऱ्याला जिंकवतं, तेही मोठ्या आत्मविश्वासानं. म्हणून मी आकडा नुसता देतच नाही. शेजारी ‘पांढरा वरचढ’ असं शब्दांत लिहिते.

दुसरं, आकड्याला किती मान द्यायचा. पूर्वी +१ म्हणजे साधारण एक प्यादं जास्त, असं धरायचे. २०२२ च्या अखेरीस आलेल्या स्टॉकफिश १५.१ पासून त्यांनी मोजपट्टी अशी बसवली आहे की +१ ला इंजिन स्वतःशीच खेळलं तर जिंकण्याची शक्यता निम्मी. दोन इंजिनं! आमच्या सातवीतल्या पोरांच्या डावात +१ ला काडीचा अर्थ नाही. दोनच्या आतल्या चढउताराकडे मी बघत नाही, आणि मॉडेललाही तो आकडा दाखवत नाही, कारण दाखवला की ते त्यावर पाच ओळी लिहिणारच.

जागा निवडणं ही या कामातली खरी कला, आणि ती एआयवर सोडू नये. चाळीस चालींच्या डावावर चाळीस शेरे कुणी वाचत नाही. तीन किंवा चार जागा निवडायच्या. +९ चं +६ झालं तर ती मोठी घसरण दिसते, पण डाव पांढऱ्याचाच आहे, सोडून द्या. +०.५ चं −२.५ झालं तर तिथं गोष्ट आहे. लीचेस चुकांच्या खुणा करताना जिंकण्याची शक्यता किती घसरली हे बघतं, नुसता आकड्यातला फरक बघत नाही, त्यामुळे त्या खुणा चाळायला बऱ्या पडतात. त्यात एक जागा मी माझ्या मनानं घालते, इंजिननं खूण केलेली नसली तरी. कुणी हरत आलेल्या डावात चिवट बचाव केलेला असतो, कुणी सापळा लावलेला असतो. इंजिनला सापळ्याचं कौतुक नसतं, ते म्हणतं चाल कमकुवत. समोरचा त्यात अडकला हे मात्र सगळ्या मांडवानं पाहिलेलं असतं.

एक जागा, जवळून

आमच्या स्पर्धेतला एका सातवीतल्या पोरीचा डाव घेते. पटावर तीनच मोहरी उरली होती: तिचा पांढरा राजा डी६ वर, पांढरं प्यादं ई५ वर, काळा राजा ई८ वर. चाल तिची. डाव जिंकलेला. राजा ई६ वर आणून काळ्या राजासमोर उभा केला की काळ्याला बाजूला व्हावंच लागतं. तो एफ८ ला गेला तर पांढरा राजा डी७ वर, डी८ ला गेला तर एफ७ वर, आणि प्यादं निवांत वजीर होतं. तिनं मात्र प्यादंच ई६ वर ढकललं. काळा राजा डी८ वर आला. प्यादं ई७, शह. राजा परत ई८ वर. आता प्यादं राखायचं तर राजा ई६ वर आणणं ही एकच चाल, आणि ती केली की काळ्याला शह नाही, पण हलायला घरही नाही. स्टेलमेट. बरोबरी.

हा डाव नुसत्या चाली देऊन मॉडेलकडे टाकला तेव्हा प्याद्याच्या त्या चालीवर असं आलं: ‘पांढऱ्यानं धीरानं प्यादं पुढे रेटलं आणि काळ्या राजाचा श्वास कोंडला. विजय आता एका पावलावर!’ भाषेला नाव ठेवायला जागा नाही. पण जिंकलेला डाव सुटला तो नेमका याच चालीत.

मग मी त्याला असा कागद दिला:

‘चाल ५१: पांढरं प्यादं ई५ वरून ई६ वर.
चालीआधी: पांढऱ्याचा डाव जिंकलेला. चालीनंतर: बरोबरी.
इंजिनची चाल: पांढरा राजा डी६ वरून ई६ वर.
त्यानंतर काय झालं असतं: काळा राजा एफ८, पांढरा राजा डी७, मग प्यादं वजीर होतं.
डावात काय झालं: काळा राजा डी८, प्यादं ई७ शह, काळा राजा ई८, पांढरा राजा ई६, स्टेलमेट.
खेळाडूकडून कळलं: घड्याळात मिनिटभरही नव्हतं. प्यादं लवकर वजीर करायची घाई होती.’

आणि त्याखाली सूचना:

‘वरच्या प्रसंगावर साठ-सत्तर शब्दांत मराठी समालोचन लिही. कागदावर नसलेली चाल, घर किंवा मोहरा लिहू नकोस. चाल चांगली की वाईट हे स्वतः ठरवू नकोस, कागदावर दिलं आहे तेच धर. आकडे लिहू नकोस. मोहऱ्यांची नावं राजा, वजीर, हत्ती, उंट, घोडा, प्यादं हीच. वजीर, हत्ती, उंट, घोडा पुल्लिंगी, प्यादं नपुंसकलिंगी. वाचणारे गावातले आहेत, त्यांना बुद्धिबळ येतं, घरांची नावं कळतात, पण चालींची इंग्रजी लघुलिपी येत नाही. खेळणारी पोरगी तेरा वर्षांची आहे, तिची टर उडवू नकोस आणि खोटं कौतुकही करू नकोस.’

आलेलं उत्तर थोडं छाटून असं झालं:

‘वजीर व्हायला तीनच घरं उरली होती आणि घड्याळात मिनिटभरही नव्हतं. हात प्याद्याकडे गेला. पण इथं आधी पुढं व्हायचं होतं राजानं. तो ई६ वर उभा राहिला असता तर काळ्या राजाला वाट सोडावीच लागली असती. प्यादं आधी गेलं. काळा राजा एफ८ ला गेला असता तर हरला असता, तो डी८ वर आला, आणि पुढच्या दोन चालींत पट गोठला: काळ्याला शह नाही, चालही नाही. बरोबरी.’

हे पारावर वाचून दाखवलं तर कुणालाही कळतं. छाटलं काय, तर ‘रणांगण’, ‘महायुद्ध’, ‘बुद्धीची कसोटी’. एआयच्या मराठीला लढाईची भारी हौस. सूचनेतच ‘युद्धाची उपमा नको, उद्गारचिन्ह नको’ असं घाला, निम्मी काटछाट वाचते.

एक वाक्य मात्र कागदाबाहेरचं आलं होतं: प्यादं ई६ वर गेल्यावर काळ्यानं राजा डी८ ऐवजी एफ८ ला नेला असता तर तो हरला असता. पटावर मांडून पाहिलं. पांढरा राजा डी७ वर येतो आणि प्यादं अडत नाही. खरं निघालं, म्हणून ठेवलं. कारण त्यानं काळ्याकडून खेळणाऱ्या पोराचीही बाजू दिसते, त्यानं नेमकं वाचवणारं घर शोधलं होतं. कागदाबाहेरचं सगळंच खोटं असतं असं नाही. पण न तपासता छापायचं नाही.

तपासणी कशी करते ते थोडक्यात सांगते. उत्तरातलं प्रत्येक घराचं नाव बोटानं पटावर दाखवायचं. मोहरा तिथं आहे का, रंग तोच आहे का, ‘मारलं’ म्हटलंय तिथं खरंच मारलं गेलं का. रंगाची अदलाबदल सर्वांत जास्त होते. ‘जोडीनं हल्ला’, ‘दोन मोहऱ्यांवर एकदम घाव’ असं काही आलं की दुसरा मोहरा कुठला ते शोधायचं. बऱ्याचदा तो नसतोच. डावाच्या सुरुवातीच्या प्रकाराचं नाव आलं असेल तर लीचेस स्वतः ते नाव दाखवतं, त्याच्याशी ताडून बघा. आणि एकाच संभाषणात चारही जागा लिहून घेऊ नका. एका जागेचे घोडे दुसऱ्या जागेत शिरतात. प्रत्येक जागेला नवी खिडकी.

देशी नियमवाल्यांसाठी

आमच्याकडचे जुने खेळाडू देशी पद्धतीनं शिकलेले. त्यात प्यादं सुरुवातीलाही एकच घर चालायचं, आणि किल्लेबंदीऐवजी शह बसला नसेल तर राजाला एकदा घोड्याची चाल मिळायची. अशा माणसाला ‘राजानं हत्तीसोबत जागा बदलली’ हे वाचून चूक छापली असं वाटतं. म्हणून किल्लेबंदी किंवा प्यादं वाटेत मारणं डावात आलं असेल, तर सूचनेत एक ओळ जास्तीची टाकते: ‘हा नियम देशी बुद्धिबळात नव्हता असं समजून एका वाक्यात सांग.’ हे मॉडेलला छान जमतं. एकच गोष्ट आठ वर्षांच्या पोराला, ऐंशीच्या आजोबांना आणि स्पर्धेच्या बातमीला अशी तीन तऱ्हांनी सांगणं यात त्याचा हात धरणारं कुणी नाही. खरी कमाई इथं आहे. तथ्यांचा कागद एकदा नीट झाला की त्याच्यावरून हवे तितके मजकूर काढा.

डाव पुष्कळ असतील आणि घरात पायथन ही संगणकाची भाषा येणारं कुणी असेल तर कागद बनवायचं काम त्याच्याकडे सोपवा. पायथन-चेस नावाची लायब्ररी पीजीएन वाचते, स्टॉकफिशला जोडून घेते आणि चाल वैध आहे की नाही सांगते. माझ्या भाच्यानं सुट्टीत बसून मला तसं करून दिलं. फाइल टाकली की जिथं डाव फिरला त्या जागा वेगळ्या निघतात, आधीची-नंतरची स्थिती शब्दांत येते. उलटही करता येतं: मॉडेलनं लिहिलेल्या मजकुरातल्या चाली उचलून त्या पटावर बसतात का ते तपासता येतं. पण पाच-सहा डावांसाठी एवढा पसारा नको, हातानं लवकर होतं.

नावांचं काय

पोरांची नावं मी एआयला देत नाही. ‘पांढरा’, ‘काळा’ एवढंच लिहिते आणि नावं शेवटी मी घालते. लहान लेकरांची नावं, शाळा, गाव कुठल्या कंपनीच्या सर्व्हरवर कशाला? शिवाय नाव दिलं की मॉडेल त्या नावाभोवती स्वभाव रचायला लागतं, ‘आक्रमक शैलीसाठी ओळखली जाणारी’ वगैरे. आमच्या पोरीला तिच्या आईशिवाय आक्रमक म्हणून कुणी ओळखत नाही. पोरगी म्हणून कळलं की ‘नाजूक’, ‘संयमी’ असली विशेषणंही येतात, तीही छाटा.

हरलेल्याला आधी दाखवायचं हा माझा नियम. आमच्या गावात तरी तक्रार वेगळीच येते: ‘ताई, माह्या डावाचं काहून नाई लिवलं? मी हारलो म्हनून?’ तेव्हा पहिल्या फेरीत बाद झालेल्यांच्या डावांतूनही एकेक जागा घ्या. स्कॉलर्स मात (सुरुवातीच्या चार चालींतच होणारी मात) खाल्लेल्या पोराच्या डावातही, एफ७ वर उंट आणि वजीर दोघांची नजर आहे हे कोणत्या चालीला कळायला हवं होतं, ती एक जागा असतेच.

डाव चालू असताना मात्र यातलं काही उघडायचं नाही, मोबाइल मांडवाबाहेर. शंका यायला एवढंसं कारण पुरतं, आणि गावात शंका आली की पुढच्या पोळ्यापर्यंत जात नाही.

तयार मजकूर लीचेसच्या स्टडीत, म्हणजे डाव आणि शेरे एकत्र ठेवायच्या वहीत, घालता येतो: डाव टाकायचा, ज्या चालीवर शेरा आहे तिथं मराठीत चिकटवायचा, देवनागरी नीट दिसते. एका स्टडीत चौसष्ट प्रकरणं बसतात, म्हणजे आमची अख्खी स्पर्धा मावते. दुवा गटावर पाठवला की पोरं चाली पुढेमागे करत वाचतात. पोरांचे डाव असल्यानं स्टडी सार्वजनिक न ठेवता फक्त दुवा असणाऱ्यांनाच दिसेल अशी ठेवा. पारासाठी मी कागदावर काढते, एका पानावर एक जागा: वर पटाचं चित्र, खाली सात-आठ ओळी, अक्षर मोठं. चित्र काढताना पटाची फिकट रंगाची थीम निवडा. गडद निवडली तर टोनर भराभर संपतो, आणि छापल्यावर काळी मोहरी काळ्या घरांत दिसतही नाहीत.